न थांबणारा कॅमेरा : ‘अ‍ॅडोलसन्स’च्या निमित्ताने

पडद्यावर काम करणाऱ्या नटाला सर्वांत मोठा आधार कशाचा असेल, तर तो ‘कट’चा. संवाद विसरला, कट. डोळ्यांत पाणी आले नाही, कट. ग्लिसरीन घाला आणि पुन्हा करा. समोरच्याची नजर चुकली, कट. अशा अनेक तुकड्यांतून संकलक चांगले तेवढे वेचतो, जोडतो आणि आपण म्हणतो, वा, काय काम केले आहे! यात नटाचे श्रेय नाही, असे आम्हाला म्हणायचे नाही. पण त्या अदाकारीत नटाचा वाटा किती आणि कात्रीचा किती, हे प्रेक्षकाला कधीच कळत नाही.

आमच्यासारख्या शिक्षकाच्या वाट्याला कट येत नाही. पस्तीस मिनिटांचा तास एकदा सुरू झाला की घंटा होईपर्यंत सुटका नाही. फळ्यावर चूक झाली तर ती साठ मुलांच्या डोळ्यांदेखत पुसावी लागते. शब्द अडखळला तर अडखळलेलाच राहतो. म्हणूनच की काय, १३ मार्च २०२५ रोजी नेटफ्लिक्सवर आलेली ‘अ‍ॅडोलसन्स’ ही चार भागांची ब्रिटिश मालिका आम्ही पाहिली, तेव्हा नेहमीच्या प्रेक्षकापेक्षा थोडे अधिक अस्वस्थ झालो. या मालिकेचा प्रत्येक भाग साधारण तासाभराचा आहे आणि त्या तासाभरात एकही कट नाही. कॅमेरा एकदा सुरू होतो तो भाग संपल्यावरच थांबतो.

कथा थोडक्यात अशी. इंग्लंडमधल्या यॉर्कशायर भागातले एक साधे कामकरी कुटुंब. बाप एडी नळदुरुस्तीची कामे करतो. एका सकाळी पोलीस दार फोडून घरात घुसतात आणि तेरा वर्षांच्या जेमीला पकडून नेतात. आरोप खुनाचा. त्याच्याच शाळेतल्या केटी नावाच्या मुलीवर त्याने चाकूचे वार केले आहेत. जॅक थॉर्न आणि स्टीफन ग्रॅहम यांनी ही मालिका लिहिली, फिलिप बॅरँटिनी यांनी दिग्दर्शित केली. एडीची भूमिका स्वतः ग्रॅहम यांनी केली आहे आणि जेमीची ओवेन कूपर या मुलाने. त्याने त्याआधी कॅमेऱ्यासमोर कधीच काम केले नव्हते.

आता कुणी म्हणेल, एकाच दमात काम करणे यात नवे काय आहे? रंगभूमीवरचा नट रोज हेच करतो. आक्षेप खरा आहे. आम्हा उर्दूवाल्यांच्या तर दास्तानगोई परिचयाची. एकटा माणूस मसनदीवर बसतो आणि नुसत्या आवाजावर व हातांच्या हालचालींवर मैफल धरून ठेवतो. जुन्या परंपरेतले अखेरचे नामवंत दास्तानगो, दिल्लीचे मीर बाकर अली, १९२८ साली वारले. २००५ पासून महमूद फारूकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही कला पुन्हा उभी केली. टेलिव्हिजनलाही ही गोष्ट अनोळखी नाही. हिंदीतल्या ‘एक रुका हुआ फैसला’ (१९८६) या चित्रपटाचे मूळ ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ हे अमेरिकन नाट्य. ते १९५४ साली सर्वप्रथम टेलिव्हिजनवर थेट सादर झाले होते. नटांनी बोलायचे आणि त्याच क्षणी लोकांनी घरात बसून पाहायचे.

तरीही फरक आहे. नाटकात नट आणि प्रेक्षक यांच्यात अंतर असते. शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचावे म्हणून नटाला आवाज चढवावा लागतो, हावभाव मोठे करावे लागतात. शिवाय कुठे पाहायचे हे प्रेक्षक ठरवतो. प्रसंग असह्य झाला तर तो नेपथ्याकडे पाहू शकतो, शेजाऱ्याकडे पाहू शकतो. चित्रपटात याच्या उलट. कॅमेरा हातभर अंतरावर येतो, पापणीची थरथरही दाखवतो, पण तुकड्यातुकड्याने. ‘अ‍ॅडोलसन्स’मध्ये रंगभूमीची सलगता आणि कॅमेऱ्याची जवळीक या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या आहेत. नटाला पळायला जागा नाही आणि प्रेक्षकालाही नाही. या प्रकारच्या अभिनयाची खरी ताकद आम्हाला इथे दिसते.

हे साधले कसे, तेही सांगितले पाहिजे. प्रत्येक भागासाठी आधी नटांच्या तालमी झाल्या, मग कॅमेऱ्यासह तालमी आणि मग चित्रण. दिवसाला साधारण दोन वेळा संपूर्ण भाग सुरुवातीपासून शेवटपर्यंत करायचा. आपण पाहतो तो पहिला भाग दुसऱ्या प्रयत्नातला आहे, दुसरा तेराव्या, तिसरा अकराव्या आणि चौथा सोळाव्या प्रयत्नातला. म्हणजे चौथ्या भागातल्या नटांनी ते सगळे रडणे, ते सगळे मोडून पडणे पंधरा वेळा करून झाल्यावर सोळाव्यांदा केले आणि ते आपल्यापर्यंत पोहोचले. छायालेखक मॅथ्यू लुईस यांच्या चमूने हलका कॅमेरा हातोहात फिरवला. तो घरातून पोलिसांच्या गाडीत, गाडीतून ठाण्यात जातो. दुसऱ्या भागाच्या शेवटी तर तो ड्रोनला अडकवून उडवला आणि खाली येताच पुन्हा माणसाच्या हाती दिला. चमत्कार वाटावा असेच हे काम आहे.

पण चमत्कार ही कलेची कसोटी नव्हे. हिचकॉकने १९४८ साली ‘रोप’मध्ये असाच प्रयोग केला. तेव्हा फिल्मचे एक रीळ जेमतेम दहा मिनिटे पुरे, म्हणून कुणाच्या तरी पाठीवर कॅमेरा नेऊन जोड लपवावे लागत. २०१४ सालच्या ‘ट्रू डिटेक्टिव्ह’ या काळोख्या गुन्हेमालिकेच्या चौथ्या भागात सुमारे सहा मिनिटांचे एक सलग दृश्य आहे. वस्तीतला छापा, मारामारी, गोळीबार, पळापळ. ते पाहताना छाती धडधडते. पण आपल्या मनात येते ते असे की, हे यांनी केले तरी कसे? ज्या क्षणी हा प्रश्न मनात येतो त्या क्षणी आपण पात्राला सोडून कॅमेऱ्याकडे पाहू लागतो. ‘अ‍ॅडोलसन्स’ अनेक ठिकाणी आपल्याला हा प्रश्न विसरायला लावते. बॅरँटिनी आणि ग्रॅहम यांनी याआधी ‘बॉइलिंग पॉइंट’ (२०२१) हा एका उपाहारगृहातल्या एका रात्रीचा चित्रपट एकाच टेकमध्ये केला होता. ती पूर्वतयारी इथे कामी आली आहे.

पहिल्या भागातला एक प्रसंग घ्या. ठाण्यात जेमीची अंगझडती होते. कपडे उतरवावे लागतात. अल्पवयीन आरोपीसोबत एक प्रौढ माणूस हवा, म्हणून बाप तिथे उभा आहे. नेहमीच्या मालिकेत इथे मुलाचा भेदरलेला चेहरा, पोलिसाचे हातमोजे, बापाचा चेहरा, पुन्हा मुलगा, असे पाच-सहा तुकडे जोडले असते आणि मागे व्हायोलिन वाजले असते. इथे कॅमेरा बापाच्या चेहऱ्यावर थांबतो. झडती आपल्याला फक्त ऐकू येते. ग्रॅहम यांच्याजवळ संवाद नाही, हालचाल नाही. पाहवत नाही आणि मुलाला एकटे सोडून नजरही फिरवता येत नाही, अशा कात्रीत सापडलेला बाप ते निव्वळ मानेच्या हालचालीतून दाखवतात. हे दृश्य तोडले असते तर आपल्याला थोडी विश्रांती मिळाली असती. ती मिळत नाही.

त्याच भागाच्या शेवटी पोलीस सीसीटीव्हीचे चित्रण दाखवतात आणि संशयाला जागा उरत नाही. आपण तासभर या मुलाबरोबर आहोत. भीतीने त्याचे कपडे ओले झालेले आपण पाहिले आहेत. बापासारखाच आपलाही विश्वास बसला आहे की याने केले नसणार. पोलीस खोलीबाहेर जातात. जेमी बापाकडे हात करतो. बाप आधी झटक्याने मागे सरतो आणि मग त्यालाच कवटाळून रडतो. त्या मागे सरण्याला क्षणभरच लागतो. पण त्यामागे संपूर्ण तासाचे वजन आहे, आणि ते वजन नटाने तुकड्यातुकड्यांत नव्हे, तर सलग वाहून आणलेले आहे.

आता तिसरा भाग. या मालिकेचे काळीज तेच. अटकेला सात महिने झाले आहेत. जेमी बंदिस्त केंद्रात आहे. ब्रायोनी नावाची मानसशास्त्रज्ञ त्याची मुलाखत घेते. एक खोली, एक टेबल, दोन माणसे. पाऊण तासाहून अधिक वेळ एवढेच. ब्रायोनीची भूमिका एरिन डोहर्टी यांची. विशेष म्हणजे चित्रण याच भागापासून सुरू झाले. म्हणजे ओवेन कूपरच्या आयुष्यातले कॅमेऱ्यासमोरचे हे पहिलेच काम. तेव्हा तो जेमतेम चौदा वर्षांचा होता.

ती त्याच्यासाठी हॉट चॉकलेट आणते, आपले अर्धे सँडविच देते. तो हसतो, थट्टा करतो, लाडात येतो. आपल्या वर्गातले कुठलेही चुणचुणीत पोर वाटावे. ती त्याच्या बापाविषयी, आजोबांविषयी विचारते. पुरुष असणे म्हणजे काय वाटते, विचारते. आणि बोलता बोलता त्याचा आवाज बदलतो. तो उभा राहतो, ओरडतो, तिच्यावर ओणवा होतो, ती घाबरली का ते पाहतो आणि घाबरल्याचा आनंदही घेतो. लगेच पुन्हा मूल होतो. या चढउतारांत कुठेही जोड नाही. तुकड्यांत काम केले असते तर गोड मुलगा एका दिवशी आणि चिडलेला मुलगा दुसऱ्या दिवशी टिपता आला असता. इथे एकाच श्वासात एका चेहऱ्यातून दुसरा चेहरा उगवताना दिसतो आणि पटते की हे दोन मुलगे नाहीत. गोड मुलगा खोटा आणि हिंस्र मुलगा खरा, असे म्हणून मोकळे होण्याची सोय हा भाग आपल्याला देत नाही.

एका जागी जेमी जांभई देतो. ती लिहिलेली नव्हती. दिवसातला दुसरा टेक, पोरगा खरोखरच दमलेला. कट म्हणण्याची सोय नव्हती. डोहर्टींनी पात्रात राहूनच, माझा कंटाळा आला का, अशा अर्थाचे विचारले आणि तो चपापून हसला. चूक होती ती प्रसंगाचा भाग झाली, आणि मालिकेतले ते सर्वांत जिवंत हसू ठरले. जांभई देणाऱ्या पोराला तासाला सामोरे कसे जावे, हे बी.एड.च्या कुठल्याही पाठ-टाचणात आम्हाला शिकवले गेले नाही.

डोहर्टींच्या अभिनयाविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे, कारण तो लपलेला अभिनय आहे. ओवेन कूपरला व्यक्त व्हायचे आहे; यांना व्यक्त न होण्याचा अभिनय करायचा आहे. समोरचे पोर चेहरा वाचण्यात पटाईत. भीती दिसली की ते जिंकले, दया दिसली तरी तेच जिंकले. मध्येच ती उठून बाहेर येते, श्वास सावरते आणि पुन्हा आत जाते. कॅमेरा तिच्याबरोबर बाहेर येतो, म्हणून आपल्यालाही पुन्हा त्या खोलीत जावे लागते. शेवटी ही आपली अखेरची भेट, असे ती सांगते तेव्हा तो, मी तुला आवडतो की नाही, एवढेच किंचाळत विचारत राहतो आणि त्याला ओढून नेले जाते. ती एकटी उरते. इतका वेळ आवळून धरलेला चेहरा हळूहळू सुटतो. टेबलावर त्याने घास घेतलेले सँडविच आहे. तिचा हात त्याच्याकडे जातो आणि मागे येतो. संवाद नाही. तिने तासभर काय दडपले होते, ते त्या मागे आलेल्या हाताने कळते.

इतके कौतुक केल्यावर जे खटकले तेही सांगणे आमचे काम आहे. दुसरा भाग शाळेत घडतो आणि तोच सर्वांत कच्चा आहे. इथे कॅमेऱ्याला धावायचे आहे, कारण तपास पुढे न्यायचा आहे. तपास अधिकाऱ्याचा मुलगा नेमका त्याच शाळेत शिकतो आणि मोबाइलवरच्या चिन्हांचे छुपे अर्थ बापाला धडा समजावल्यासारखे समजावतो. ही सोय झाली, नाट्य नव्हे. शिक्षक नुसते ओरडणारे, हतबल दाखवले आहेत. आम्हाला ते झोंबले. खोटे होते म्हणून झोंबले की खरे होते म्हणून, याचे उत्तर मात्र आम्ही अजून स्वतःला दिलेले नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. न थांबणारा कॅमेरा एका वेळी एकाच ठिकाणी असू शकतो. तो जेमीजवळ राहिला, त्याच्या बापाजवळ राहिला. केटीच्या घरी तो कधीच गेला नाही. जिचा जीव गेला तिच्या आईचा चेहरा आपल्याला ठाऊक नाही. मालिकेतली पोलीस अधिकारी मिशा फ्रँक हे बोलूनही दाखवते की, लोकांच्या लक्षात मारणारा राहील, मारली गेलेली राहणार नाही. केटीची मैत्रीण जेड शाळेत रागाने, दुःखाने फुटते. पण कॅमेऱ्याला घाई आहे, तो तिला मागे टाकून निघून जातो. लेखकांना या उणिवेची जाणीव आहे. पण जाणीव असणे म्हणजे ती भरून काढणे नव्हे. सलगतेतून येणारे सत्यही शेवटी एका बाजूचेच सत्य असते, हे रसिकांनी ध्यानात ठेवावे.

चौथ्या भागात घटनेला तेरा महिने झाले आहेत. एडीचा पन्नासावा वाढदिवस. गाडीवर कुणीतरी घाणेरडा शब्द रंगवून ठेवला आहे. तो पुसायला रंग हवा म्हणून नवरा, बायको आणि मोठी मुलगी लिसा असे तिघे दुकानात जातात. परतताना जेमीचा फोन येतो. आपण गुन्हा कबूल करणार आहोत, असे तो सांगतो. चालत्या गाडीत तीन माणसे, एक आवाज. कुणी उठून जाऊ शकत नाही, कुणाला रडण्यासाठी कोपरा नाही. क्रिस्टीन ट्रेमार्को यांनी आईच्या भूमिकेत त्या वेळी जो स्वर लावला आहे, मुलाला वाढदिवसाच्या गप्पांकडे वळवू पाहणारा, तो आम्हाला कुठल्याही आक्रोशापेक्षा जड वाटला. घरी आल्यावर दोघे आपापसांत विचारतात, आपले काय चुकले? लिसासारखी समंजस मुलगीही आपणच वाढवली ना? उत्तर मिळत नाही. शेवटी एडी मुलाच्या रिकाम्या खोलीत जातो, त्याच्या खेळण्यातल्या अस्वलाला पांघरूण घालतो आणि त्याची माफी मागतो.

१४ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेतल्या एमी पुरस्कारांत ग्रॅहम, डोहर्टी आणि ओवेन कूपर या तिघांनाही अभिनयाचे पुरस्कार मिळाले. पंधरा वर्षांचा कूपर हा अभिनयासाठी एमी मिळवणारा सर्वांत लहान पुरुष कलाकार ठरला. ब्रिटनमध्ये तर पंतप्रधान केअर स्टार्मर यांनी निर्मात्यांना भेटीला बोलावले आणि ही मालिका माध्यमिक शाळांना विनामूल्य उपलब्ध झाली. चांगलेच झाले. पण आमचा अनुभव असा की, वर्गात चित्रफीत लावणे सोपे असते. दिवा बंद केला, पडदा सुरू केला की शिक्षकही सुटतो आणि मुलेही सुटतात.

या मालिकेने आमच्यापुढे ठेवलेला प्रश्न वेगळाच आहे. तासाला कट नसतो, असे आम्ही सुरुवातीला मोठ्या अभिमानाने लिहिले. ते पूर्ण खरे नाही. आम्हीही कट करतो. ‘बाहेर उभा राहा’ हा आमचा कट. ‘उद्या वडिलांना घेऊन ये’ हा दुसरा. वर्गातले एखादे पोर असह्य झाले की आम्ही त्याला चौकटीबाहेर काढतो आणि उरलेला पाठ सुरळीत पार पाडतो. मग तपासायला आलेले अधिकारी पाठ उत्तम झाल्याचा शेरा देतात.

आठवीत असेच एक पोर होते. बाक आपटायचे, मुलींच्या वह्यांवर काहीबाही लिहायचे. वर्षभर ते आमच्या तासाला बहुधा व्हरांड्यातच असे. ही मालिका पाहून झाल्यावर एका मधल्या सुट्टीत आम्ही त्याला रिकाम्या वर्गात बसवले आणि समोर बसलो. काही विचारले, त्याने उत्तर दिले नाही. बराच वेळ तो बाकावरची खपली नखाने उकरत राहिला. आम्हाला दोनदा घड्याळाकडे पाहावेसे वाटले, एकदा पाहिलेही. शेवटी तो म्हणाला, “सर, जाऊ?”

“थांब थोडा,” आम्ही म्हणालो.

तो थांबला. त्या दिवशी यापेक्षा अधिक काही निष्पन्न झाले नाही. पण एका पोरासमोर नजर न वळवता वीस मिनिटे बसून राहणे किती अवघड असते, ते आम्हाला त्या दिवशी समजले आणि एरिन डोहर्टी यांनी अकरा वेळा काय केले असेल, याचाही थोडासा अंदाज आला.